कोणाची हरकत?

तेवीस वर्षांच्या पोलीस पाटीलकीत कृष्णकांतने एकही काम झाकून केलं नाही, असं गाव म्हणायचं. आणि गावापेक्षा चौपट वेळा तो स्वतः म्हणायचा. उमरोळी स्टेशनात उतरून पूर्वेला तासभर चाललं की त्याचं गाव लागायचं. पुढे केळी-नारळाच्या बागा राखणाऱ्या वाडीवाल्यांची घरं, मागे टेकडीला टेकलेला आदिवासी पाडा आणि मध्ये मारुतीचं देऊळ. त्या देवळाच्या ओट्यावर कृष्णकांतची कचेरी भरायची. टेबल नाही, खुर्ची नाही. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद आणि खिशाला शाईचं पेन. त्या पेनाला तो बायकोलाही हात लावू द्यायचा नाही.

१९७१ साली नेमणूक झाली तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. त्याच्या आधीचा पाटील घरात बसून कागद लिहायचा, आणि कोणाविषयी काय लिहिलं ते त्या माणसाला वर्षादीड वर्षाने, नुकसान झाल्यावर कळायचं. कृष्णकांतच्या वडिलांचा बंदुकीचा अर्ज असाच कोणाच्या तरी कुजबुजीवरून परत आला होता. कोण कुजबुजलं, काय कुजबुजलं, ते म्हाताऱ्याला शेवटपर्यंत समजलं नाही. ते दुःख तो मरेपर्यंत उगाळत बसला. कृष्णकांतने तेव्हाच मनाशी गाठ मारली होती की आपण पाठीमागचं काही ऐकायचं नाही आणि पाठीमागचं काही लिहायचं नाही.

रानडुकरांपुढे भात टिकायचं नाही आणि माकडांपुढे केळी, म्हणून पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळायचा. अर्ज वरून पोलीस ठाण्यात यायचा, ठाण्यातून पाटलाकडे. पाटलाने लिहायचं: माणूस भांडखोर आहे का, नशा करतो का, डोकं ठिकाणावर आहे का, त्याच्या हाती बंदूक द्यायला कोणाची हरकत आहे का. पुढचे सगळे साहेब त्या चार ओळींखाली सह्या करायचे. गावात येऊन बघायला कोणाला सवड होती? एका माणसाच्या घरात बंदूक जावी की नाही, याची सरकारची सगळी तपासणी म्हणजे कृष्णकांतचं ते शाईचं पेन.

तो काय करायचा, तर संध्याकाळी आरती झाली, माणसं ओट्यावर टेकली की उभा राहून सगळ्यांदेखत विचारायचा, "अमक्याचा बंदुकीचा अर्ज हाय. कोनाची हरकत?" मग पेनाचं टोपण उघडून जरा थांबायचा. ज्याचा अर्ज तो समोरच तंबाखू मळत बसलेला असायचा. कोण बोलणार? कोणी खोकायचं, कोणी "नाय नाय, कसली हरकत" म्हणायचं, आणि कृष्णकांत तिथल्या तिथे लिहून मोकळा व्हायचा. याहून चोख चौकशी साऱ्या जिल्ह्यात होत नसेल, अशी त्याची खात्री होती. भल्या माणसाला स्वतःच्या भलेपणाची एकदा खात्री पटली की त्याला समजावणं फार कठीण होऊन बसतं.

ओट्यावर हरकत आली ती एकदाच. शहात्तर साली पाड्यावरच्या चिंतूने अर्ज केला होता. त्याचं शेत अगदी रानाला लागून, आणि डुकरांची पहिली धाड त्याच्यावरच. पण चिंतू ओट्याखाली उभा होता आणि बाकीचे ओट्यावर बसलेले होते. कृष्णकांतने विचारलं मात्र, आठ हात वर गेले. कोणी म्हणालं, जमिनीच्या मोर्च्यात हा पुढे होता. कोणी म्हणालं, पाड्यात एक बंदूक गेली की ती दहाजणांची होते. कृष्णकांतने आठही हरकती इमानदारीने उतरवून घेतल्या. चिंतूने त्या साऱ्या ऐकल्या आणि तो खाली मान घालून टेकडीकडे चालू लागला. "बघ, तुझ्या तोंडावर सांगितलं, मागून नाय," असं कृष्णकांतने त्याला वर सांगितलं, आणि ते बोलताना त्याला बरंही वाटलं.

एकोणऐंशी साली रामनाथचा अर्ज आला.

रामनाथ कृष्णकांतच्याच भावकीतला, दोन वाड्या सोडून राहणारा. केळी, नारळ, खाली भाताचे दोन तुकडे. दारूला शिवायचा नाही, कोणाच्या बांधाला हात लावायचा नाही, आवाज कधी चढवायचा नाही. असा माणूस गावात दिवा घेऊन शोधावा लागला असता. ज्या दिवशी अर्ज ओट्यावर यायचा होता त्या दुपारी त्याची बायको प्रेमला कृष्णकांतच्या मागल्या दाराशी आली. दमयंती, कृष्णकांतची बायको, वाल सोलत बसली होती. प्रेमला तिच्याशेजारी बसली, चार वाल सोलले आणि म्हणाली, "वयनी, भावजींना सांगा. आमच्यात बंदूक नको."

दमयंतीने विचारलं, मारतो का? प्रेमला म्हणाली, नाही. शिव्या देतो? नाही. मग? प्रेमलाने हातातला वाल खाली ठेवला. मग तिने सांगितलं, ते एवढंच. जेवण पाच मिनिटं मागे पुढे झालं, माहेरचं कोणी आलं, शेजारणीशी ती हसून बोलली, की रामनाथ दारात बसतो आणि कोयता पाजळतो. एक शब्द बोलत नाही. तिच्याकडे बघतो आणि पाजळतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, हे असंच चाललं आहे.

"कोयता हाय तवर धावता तरी येतं, वयनी," ती म्हणाली. "बंदुकीपुढं धावून जायचं कुठं?"

दमयंतीने ते शब्दाला शब्द नवऱ्याला सांगितलं. कृष्णकांत देवळाकडे निघाला होता, एक चप्पल पायात, एक हातात. त्याला प्रेमलाचं खोटं वाटलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो क्षणभर चांगलाच गोंधळला. पण त्याला वडील आठवले, कुजबुजीवरून परत आलेला तो कागद आठवला.

"मागल्या दारी सांगितलेलं मी कसं लिहू?" तो म्हणाला. "ओट्यावर येऊन सांगू दे. चार माणसांत सांगू दे. मी लिहितो."

"बाई ओट्यावर कदी आलीय?" दमयंती म्हणाली.

"मग मी तरी काय करू?"

त्याने दुसरी चप्पल घातली आणि तो गेला. ओट्यावर त्याने विचारलं, "रामनाथचा अर्ज हाय. कोनाची हरकत?" आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबला. रामनाथ हात जोडून बसला होता. कृष्णकांतने लिहिलं: अर्जदार शांत स्वभावाचा, निर्व्यसनी, कोणाची हरकत नाही.

बंदूक आली. रामनाथने ती माजघरात, चुलीपुढे बसणाऱ्या बाईला मान वर केली की दिसेल अशी टांगली. ती बंदूक पुढे पंधरा वर्षांत माकडांखेरीज कोणावर सुटली नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोणी मेलं नाही, कोणी जखमी झालं नाही, पंचनामा करावा असं काही घडलं नाही. कोयता पाजळणं मात्र बंद झालं. आता रामनाथ बंदूक उतरवायचा, तेलाच्या फडक्याने पुसायचा आणि मांडीवर घेऊन जेवायला बसायचा. प्रेमला वाढायची. नळीचं तोंड कोणीकडे आहे ते बघत बघत ती वाढायची. कधी विहिरीवरून घागर घेऊन दारात आली की तो नेम बघायचा, आणि मग बंदूक खाली घेऊन म्हणायचा, "नेम जरा सरकलाय." यात गुन्हा कुठला? कुठल्या कलमात बसवणार?

प्रेमला पुन्हा मागल्या दाराशी आली नाही. सांगायचं ते ती सांगून चुकली होती. पण बायकांची नजर सुटत नाही. निवडणुका लागल्या की गावातल्या सगळ्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या आणि महिनाभराने परत मिळायच्या. ऐंशी साली पहिल्यांदा दमयंतीच्या लक्षात आलं की निवडणुकीच्या दिवसांत प्रेमला वेगळीच दिसते. विहिरीवर रेंगाळते, दुसरीच्या पोराला कडेवर घेते, केसात अबोलीचा गजरा माळते. पंच्याऐंशी साली परत तेच. एकोणनव्वद, नव्वद, एक्क्याण्णव अशा निवडणुकांवर निवडणुका आल्या तेव्हा गावातले पुरुष वैतागले, आणि प्रेमला अंगाने जरा भरली.

"सरकार पडलं की प्रेमलाला बरं वाटतं," दमयंती एकदा ताट वाढताना म्हणाली. कृष्णकांतने खाली मान घालून भात कालवला. त्याला सगळं कळत होतं. दर तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण यायचं, दर तीन वर्षांनी तो ओट्यावर विचारायचा, आणि लिहायचा की हरकत नाही. ब्याऐंशी, पंच्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव. दर वेळी घरी आल्यावर जेवण जायचं नाही. दर वेळी तो स्वतःला सांगायचा की ओट्यावर कोणी बोललं असतं तर मी लिहिलं असतं.

"तुमी ओट्यावर विचारता म्हंजी सोतालाच विचारता," दमयंती म्हणाली. त्या घरात या विषयावर इतक्या वर्षांत झालेलं बोलणं एवढंच.

तोवर भोवतालचा मुलूख ओळखू येईनासा झाला होता. बोईसरला कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले, पाळीच्या बसगाड्या धावू लागल्या, एकेका खोलीत दहादहा परमुलखातले कामगार राहू लागले. वाऱ्याची दिशा फिरली की औषधांचा उग्र वास पार उमरोळीपर्यंत यायचा. नारळाचे दोन घड चोरीला गेले तरी वाडीवाले म्हणायचे, बोईसरची माणसं. डुकरं राहिली बाजूला. आता माणसांच्या भीतीने बंदुकांचे अर्ज येऊ लागले. त्र्याण्णव साली मुंबईत जे झालं त्यानंतर वरचे साहेबही हलले, आणि त्या उन्हाळ्यात पालघरला एका सभागृहात परवानेवाले आणि पोलीस पाटील यांना बोलावणं आलं.

साहेबाने कागद वाचून दाखवला. नियम कडक करावेत असा विचार चालू आहे, तुमची मतं सांगा. नवा परवाना देताना आणि जुना वाढवताना डॉक्टरचा दाखला घ्यावा का? शेजाऱ्यांना एकेकटं विचारावं का? घरातल्यांना, म्हणजे बायकोला, विचारावं का?

शेवटच्या प्रश्नावर सभागृहात हशा पिकला. एक चिकूवाले उठले. म्हणाले, कारखाने तुम्ही आणलेत, चोर तुम्ही आणलेत, आता आमच्या हातातली बंदूक काढून आम्ही काय लाटणं घेऊन राखण करायची? दुसरे म्हणाले, बायकोला विचारायचं तर साहेब, आपल्या घरात कोण कोण परवान्याला पास होईल? साहेबही हसला. मागे भिंतीशी टेकून उभा असलेला चिंतू तेवढ्यात बोलला. वर्षातले आठ महिने तो रामनाथच्या वाडीत मजुरी करायचा, आणि आजही त्याच्याचबरोबर आला होता. "सायब, माजी चौकशी केली ती समद्यांनी हात वर करून केली. कोनी घरात येऊन बगितलं नाय, का माजं भात कोन खातंय. घरात जाऊन बगावं, असं मला वाटतं." तो बोलला कृष्णकांतकडे बघून. त्याच्या बोलण्यावर कोणी हसलं नाही, कारण कोणी नीट ऐकलंच नाही.

कृष्णकांत उठला. वाडीवाल्यांना वाटलं, आता आपला माणूस बोलतो आहे. तो म्हणाला, "घरात विचारावं. एकेकट्याला विचारावं. ओट्यावर विचारून कळत नाय."

"का हो पाटील?" साहेबाने विचारलं. "काही अनुभव?"

तिसऱ्या रांगेत रामनाथ बसला होता, मांडीवर टोपी, चेहरा नेहमीसारखा शांत. कृष्णकांतची नजर तिथे गेली. त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "सहज म्हटलं." आणि तो खाली बसला. त्या दिवशी त्याला स्वतःची किळस आली. पालघरहून उमरोळीपर्यंत तो गाडीत उभ्यानेच आला, जागा असूनही.

कडक नियमांचं पुढे काय झालं, ते गावाला कधी कळलं नाही. पण चौऱ्याण्णवच्या मार्चात रामनाथचा परवाना संपला, बंदूक ठाण्यात जमा झाली आणि नूतनीकरणाचा कागद कृष्णकांतकडे आला. जूनअखेर तो साठ वर्षांचा होऊन पाटीलकीवरून उतरणार होता. हा त्याच्या हातून जाणारा रामनाथचा शेवटचा कागद होता, आणि त्या बाईच्या माजघरातून ती बंदूक काढायची तर एवढीच एक संधी उरली होती.

यावेळी त्याने ओट्यावर विचारलं नाही. घरात बसून, दार लोटून कागद लिहायची तेवीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. त्याने लिहिलं: हरकत आहे. कारणाच्या जागी लिहिलं: अर्जदाराच्या पत्नीने सन १९७९ मध्ये माझ्या पत्नीजवळ बंदुकीविषयी भीती बोलून दाखविली होती. ती भीती खरी असल्याचे माझे मत आहे. खाली सही ठोकली आणि पाकीट ठाण्यात नेऊन दिलं. दमयंतीने त्याला त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा करून दिला.

ते दोन महिने चांगले गेले. परवान्यावाचून बंदूक परत मिळेना. प्रेमला एका दुपारी केळ्यांची फणी घेऊन मागल्या दाराशी आली आणि पंधरा वर्षांनी दमयंतीपाशी बसली. बंदुकीचं काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही. कैऱ्या चिरायला मदत केली, आणि ऊन उतरेपर्यंत माहेरच्या गोष्टी सांगत बसून राहिली. कृष्णकांत आतल्या खोलीतून तिचा आवाज ऐकत होता. ही बाई एवढं बोलते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पण ज्याने जन्मभर सगळं उघड्यावर केलं, त्याला झाकून करायची रीत कुठून माहीत असणार? असला कागद पाठवताना त्याच्या डोक्यावर लाल शाईने 'गोपनीय' लिहायचं असतं, हे त्याने कधी शिकून घेतलं नव्हतं, कारण त्याला कधी लागलंच नव्हतं. कागद उघडा गेला. वरून अर्जदाराकडे खुलासा मागवला गेला, आणि खुलाशाच्या पत्राला पाटलाच्या अहवालाची नक्कल टाचून आली. रामनाथने ती देवळापाशी उभं राहून वाचली, नीट घडी घातली आणि टोपीत ठेवली. मग घरची वाट धरली.

कृष्णकांतलाही पत्र आलं. आपण यापूर्वी सदर अर्जदाराबाबत पाच वेळा हरकत नसल्याचे स्वहस्ते कळविले आहे. सबब अर्जदाराच्या पत्नीचा जबाब समक्ष घेऊन फेरअहवाल पाठवावा. पत्राबरोबर त्याच्याच पाच कागदांची यादी होती, तारखांसकट, आणि तळाशी शेरा होता: प्रत अर्जदारास.

तो रामनाथच्या घरी जाणारच होता. कसं जावं, रामनाथ वाडीत असताना जावं का, दमयंतीला बरोबर न्यावं का, याचा त्याने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती झाली, माणसं ओट्यावर टेकली, आणि देवळाच्या वाटेने प्रेमला आली. डोक्यावरून पदर, हात पोटाशी धरलेले. तिच्यामागे दहा पावलांवर रामनाथ. ती पायरीशी थांबली नाही. सरळ ओट्यावर चढून आली. पुरुष बाजूला सरकले. त्या ओट्यावर बाई कामासाठी उभी राहिलेली कोणी बघितली नव्हती.

कृष्णकांतला ती पहिल्या दिवसापासून भावजी म्हणायची. आज ती म्हणाली, "पाटील, तुमाला माझा जबाब पायजे ना. लिवा. माझी काय हरकत नाय."

कृष्णकांत बसल्या जागी पुढे सरकला. "वयनी, घरी चला. दमयंती हाय, तिच्यासमोर बोलू," तो हळू म्हणाला.

"हितंच लिवा. चार मान्सांत सांगायचं म्हनून आलेय." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "मी कदी कोनाला काय सांगितलं नाय. वयनींची ऐकन्यात चूक झाली आसंल. बंदूक घरात पायजे. माकडां लय झालीत."

रामनाथ खाली पायरीपाशी उभा होता. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. ओट्यावर कोणी खोकलं. कोणी म्हणालं, "झालं तर मग, लिवून टाका." कृष्णकांतने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. यातला एक जरी माणूस उठला असता तर त्याने पेन फेकून दिलं असतं, असं तो पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिला. पण तोही माणूसच होता, आणि तोही उठला नाही. त्याने मांडीवर पुठ्ठा घेतला. दोन ओळी लिहायला त्याला केवढा वेळ लागला. खाली सहीची जागा दाखवली तेव्हा प्रेमलाने ते शाईचं पेन त्याच्या हातातून घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं, सही केली. ती चौथीपर्यंत शिकली होती. तिचं अक्षर फार चांगलं होतं.

पाटीलकी संपायच्या आधी आठ दिवस रामनाथ ठाण्यातून बंदूक घेऊन आला. फडक्यात गुंडाळलेली, काखेत धरलेली. कृष्णकांतच्या अंगणात थांबून त्याने नमस्कार केला. "किसनभाऊ, तुमचे उपकार," एवढंच म्हणाला आणि घराकडे वळला.

दमयंती दोरीवर धुणं वाळत घालत होती. ती पाठमोऱ्या रामनाथकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे न बघता तिने विचारलं, "आता निवडणूक कदी हाय?"

"फेब्रुवारीत म्हंतात," कृष्णकांत म्हणाला.

तिने ओलं लुगडं खांद्यावर टाकलं आणि बोटांवर महिने मोजले. "आठ," ती म्हणाली, आणि लुगडं झटकून दोरीवर टाकलं.